मित्राची दारू आणि आपलं 'बसणं'

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात दोन जुने मित्र भेटले की चौथ्या वाक्याला विचारणा होते, "मग, संध्याकाळी बसायचं का?" कुठे बसायचं, काय घेऊन बसायचं, हे कोणी विचारत नाही. 'बसणं' या एका क्रियापदात बाटली, चखणा आणि मैत्री हे सगळं आलं. म्हणून इथे मित्राच्या व्यसनाबद्दल लिहायचं तर सुरुवात त्याच्यापासून करून भागत नाही. तो बहुतेक वेळा आपल्याच शेजारी बसून प्यायलेला असतो.

माझा एक मित्र आहे. नाव नको, गाव त्याला जिभाऊ म्हणतं, मीही तेच म्हणतो. तापीकाठी केळीची बाग, थोडा कापूस, दोन मुलं. त्याच्या बाबतीत करता येण्यासारखी जवळपास प्रत्येक चूक मी केली. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं त्या चुकांतून आलंय, निम्मं डॉक्टरांनी समजावलेलं आहे. बोलणं मुख्यतः दारूचं आहे, गोळ्या-गांजाचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगतो.

आधी आपला ग्लास

मित्राला काही सांगायच्या आधी एक हिशोब स्वतःसाठी करा. वैद्यकशास्त्रात दारू मोजतात ती शुद्ध अल्कोहोलच्या वजनावर. आपल्याकडे १० ग्रॅम म्हणजे एक माप धरतात. साधारण ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचे ३० मिलि म्हणजे एक माप. मग १८० मिलिची क्वार्टर झाली सहा मापं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलिची बाटली म्हणजे चार मापं, म्हणजे "मी फक्त बियर घेतो" म्हणणारा एका बाटलीत नाईन्टीच्या, म्हणजे ९० मिलि व्हिस्कीच्या, पुढे गेलेला असतो. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा ते जिभाऊसाठी मांडलं होतं. कागदावर माझाच आकडा बघून कागद खिशात घातला.

तुम्ही पिणं सोडलंच पाहिजे असं नाही. पण ज्याला थांबवायचंय त्याच्यासमोर पिणं थांबवावं लागतं, आणि त्याला भेटायची जागा बदलावी लागते. हे जमणार नसेल तर पुढचं सगळं भाषण ठरतं, आणि भाषण त्याला घरी भरपूर मिळतं.

काय दिसतं, कुठे दिसतं

मला पहिल्यांदा कळलं ते चहाच्या टपरीवर. जिभाऊ आयुष्यभर बशीत चहा ओतून फुर्र करून पिणारा माणूस. त्या दिवशी सकाळी त्याने बशी बाजूला सारली आणि कप दोन्ही हातांनी धरून तोंडापाशी नेला. मी थट्टा केली, "काय भो, शहरातला झाला का?" तो हसला. दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की बशी धरली असती तर चहा सांडला असता. हात कापत होते. आणि दहाच्या सुमारास तो 'जरा जाऊन येतो' म्हणून गेला की परत येताना हात स्थिर असायचे.

सगळ्यात बोलकी खूण हीच: सकाळची थरथर, घाम, मळमळ, आणि थोडी पोटात गेली की आराम. याचा अर्थ शरीराला दारूची नुसती सवय नाही, गरज लागली आहे. अर्थात नुसती थरथर थायरॉइडनेही होते, काही औषधांनीही होते. निदान डॉक्टरांवर सोडा.

बाकीच्या खुणा सावकाश साचतात. पूर्वी नाईन्टीत चढायची, आता क्वार्टरमध्येही 'चढत नाही'. कार्यक्रमाला उशिरा येतो, पण येतानाच घेऊन आलेला असतो. पाचशे-हजार उसने मागतो, कारण दर वेळी वेगळं. दुचाकी दोनदा घसरली, दोन्ही वेळा म्हणे कुत्रं आडवं आलं. बागेत केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, वाढून जंगल झालंय, कापायला मुहूर्त नाही. भजनाला, क्रिकेटला, कानबाईच्या जागरणाला येणं बंद, आणि विचारलं की चिडतो. एखाद-दुसरी गोष्ट कोणातही असते. सहा महिन्यांत यातल्या पाच-सहा एकत्र आल्या, तर तो योगायोग नाही.

डॉक्टर चार प्रश्न वापरतात. डॉ. जॉन यूइंग यांच्या नावाने ते ओळखले जातात आणि १९८४ पासून जगभर माहीत आहेत. कधी वाटलं का, कमी करावी? लोक पिण्यावर बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? दोन किंवा जास्त 'हो' आले तर तपासणी करायला हवी. हे प्रश्न पोलिसासारखे एका दमात विचारू नका. आठवडाभराच्या गप्पांत उत्तरं आपोआप मिळतात.

डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पाय सुजलेले, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शौचाला, यातलं काही दिसलं तर समजावणं-बिमजावणं ठेवा बाजूला. त्याच दिवशी दवाखाना.

सातपुड्यातल्या मोहाच्या दारूबद्दल एक सांगून टाकतो. अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासी पाड्यांवर मोहाची धार देवाला, पूर्वजांना दिली जाते, लग्नात दिली जाते. तो त्यांच्या रीतीचा भाग आहे. सपाटीवरचे आपण रोज बार गाठणार आणि व्यसनाचं उदाहरण द्यायला आदिवासी शोधणार, हे बरोबर नाही. माणूस कुठलाही असो, बघायचं एवढंच की पिणं त्याच्या हातात आहे की तो पिण्याच्या.

बोलायचं कसं

मी पहिल्यांदा बोललो ते कृषी केंद्राच्या ओट्यावर, चार लोकांसमोर. "पोरांकडे तरी बघ," म्हणालो. जिभाऊ उठून गेला आणि साडेतीन महिने माझ्याशी बोलला नाही. त्या काळात तो कोणासोबत बसत होता ते सांगायला नको.

दुसऱ्यांदा शहाणपण आलं. त्याच्या बागेत गेलो, दोघंच, ठिबकच्या नळ्या बघत. समोरासमोर बसून डोळ्यात डोळे घालून बोलण्यापेक्षा शेजारी चालताना, हाताला काहीतरी काम असताना पुरुष माणूस बरा बोलतो, असा माझा अनुभव आहे. वेळ अशी निवडा की तो प्यायलेला नसेल, आणि तलफेने कासावीसही नसेल. जिभाऊच्या बाबतीत ती वेळ दुपारी अकरा-बाराची होती. प्यायलेल्या माणसाशी त्याच्या पिण्यावर बोलू नका. रात्रीची वचनं सकाळी त्याला आठवत नाहीत, आणि तो खोटं बोलत नसतो, खरंच आठवत नाहीत.

बोलायचं ते डोळ्यांनी पाहिलेलं. 'तू बेवडा झालास' हे आपलं मत झालं. 'सोमवारी टपरीवर तुझा हात कापत होता, मला भीती वाटली' ही पाहिलेली गोष्ट आहे, तिच्याशी भांडता येत नाही. मी एवढंच म्हणालो होतो. तो म्हणाला, "माले काही व्हयेल नई, भो." मी वाद घातला नाही. "बरं. पण झोप लागते का रे?" तिथे तो थांबला. झोप लागत नव्हती. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड. दारूचं कबूल करायला त्याला आणखी महिना लागला, पण झोपेसाठी डॉक्टरकडे जायला तो त्याच आठवड्यात तयार झाला. आत जायला कुठलंही दार चालतं. झोप, पित्त, शुगर, जे त्याला स्वतःला खुपतंय तिथून सुरू करा.

'मी कधीही सोडू शकतो' असं म्हणाला तर 'मग सोडून दाखव' हे आव्हान देऊ नका. पुढचा भाग वाचलात की कारण कळेल.

शपथ, माळ आणि तीन दिवस

आखाजीला जिभाऊच्या आईने त्याला देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरवाशिणींचे झोके, गाणी, खापरावरचे मांडे, आणि पुरुषांचे पत्ते. त्या दिवशी तो पत्त्यांवर आला नाही, सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी रात्री वहिनींचा फोन आला. शेवटचा घोट घेऊन तीस तास झाले असतील. मी पोचलो तेव्हा तो ओसरीत पडलेला, अंग ताठ, तोंडाला फेस. एक जण नाकाला कांदा लावत होता, दुसरा चप्पल घेऊन उभा, तिसरा दातांत चमचा घालायचा प्रयत्न करत होता.

हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, म्हणून स्पष्ट लिहितो. जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळीही घेतो, त्याने अचानक शून्यावर येणं जिवावर बेतू शकतं. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, माणूस ओळख विसरतो. गावात त्याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि भगताकडे नेतात. तो भगताकडे न्यायचा वेळ नसतो. १०८ ला फोन करायचा.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कांदा भाजीत घाला.

दवाखान्यात हेच तीन-चार दिवस औषधांच्या आधाराने बिनबोभाट जातात. गुंगीच्या गोळ्या हळूहळू कमी करत आणतात, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. सततच्या दारूने ते शरीरात उरत नाही आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून "घरीच सलाइन लावून घेऊ" हा शॉर्टकट नको. डॉक्टरला दारूचं सांगितलं नाही आणि नुसतं ग्लुकोज चढवलं, तर बी-१ ची ती कमतरता आणखी उघडी पडू शकते.

माळेबद्दलही बोलायला हवं. मुक्ताईनगरची पालखी ज्या मुलुखातून निघते तिथे तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, खोटं कशाला बोलू. माळेबरोबर नवी संगत मिळते, संध्याकाळ भरते, गाव मान देतं. याला औषधाच्या तोडीचं काम मी म्हणेन. फक्त क्रम चुकवू नका: आधी डॉक्टर, आठ-दहा दिवसांनी माळ.

मालेगाव-धुळ्याकडे 'कुत्ता गोळी' नावाने विकली जाणारी गोळी, म्हणजे अल्प्राझोलाम, तिचंही असंच आहे. रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. गांजात फिटचा धोका तसा नसतो, पण चिडचिड आणि निद्रानाश आठवडाभर छळतो.

न सांगता दिलेली पावडर

विजेच्या खांबांवर, एसटीच्या मागे जाहिराती असतात: 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा.' वहिनींनीही एक पुडी आणली होती, भाजीत घालायला. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. काहींत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे खरं औषध आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ ते देतात, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, यकृत-हृदय तपासून. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. वहिनींना दोष देत नाही, त्यांच्याजागी मीही पुडी आणली असती. पण ती पुडी आम्ही उकिरड्यावर टाकली. तलफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, ती कोणाला कुठली चालतात ते डॉक्टर ठरवतील.

न्यायचं कुठे

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. तिथे मनोविकार विभागाची ओपीडी विचारायची. 'मेंटल' हा शब्द ऐकून तो दचकेल. झोपेच्या डॉक्टरकडे जातोय म्हणा, ते खोटंही नाही. पहिल्यांदा एकट्याला पाठवू नका, केसपेपरच्या रांगेतून माणूस परत फिरतो. तुम्ही रांगेत उभे राहा, त्याला बाकावर बसवा.

जाण्याआधी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन सेवेचा क्रमांक, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत, फुकट. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा वेगळा क्रमांक १४४४६. या दोन्हीवर मित्र म्हणून तुम्हीही फोन करू शकता.

खाजगी केंद्र बघायला आम्ही गेलो होतो. लोखंडी दाराला बाहेरून कुलूप, डॉक्टर 'येतात अधूनमधून', आणि व्यवस्थापक म्हणाला, "सहा महिने ठेवा, फोन करू नका, सरळ करून देतो." आम्ही चहा न पिता निघालो. केंद्र निवडताना विचारा की मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेता, नोंदणीचा कागद कुठाय, घरच्यांना भेटू देता का, खर्च लिहून देता का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. मारहाण 'उपचार' म्हणून खपवणाऱ्या ठिकाणी मित्राला टाकू नका, भले घरचे कितीही कंटाळलेले असोत. चांगलं केंद्र कसं चालतं ते बघायचं तर पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, आणि तिथे माणसाला आधी माणूस म्हणून घेतात.

गांजा-गोळ्यांच्या बाबतीत घरच्यांना पोलिसांची भीती असते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, कलम ६४अ प्रमाणे, थोड्या प्रमाणात बाळगणारा व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मधेच सोडले तर ते जाऊ शकतं.

पैसे, थापा आणि फवारणीचं औषध

उसने देणं बंद करा. 'नाही' म्हणताना कारणं शोधू नका: "रोख देणार नाही. पोराची फी भरायची असेल तर शाळेत जाऊन भरतो." जिभाऊने मला कंजूष म्हटलं, गावभर म्हटलं. चालतं. सोसायटीच्या मीटिंगला आला नाही तर 'ताप आहे त्याला' ही थाप मारायचीही बंद करा. पण उपाशी असेल तर जेवू घाला, पडला असेल तर उचला. दारूला मदत थांबवायची, माणसाला नाही. ही रेघ रोज नव्याने मारावी लागते आणि पुष्कळदा वाकडी येते.

घरात मारहाण होत असेल तर मैत्री गुंडाळून ठेवा. वहिनींना १८१ (महिलांसाठी मदत) आणि ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक द्या, मुलं रात्री कुठे जाऊ शकतात ते ठरवून ठेवा. मित्राला वाईट वाटेल म्हणून गप्प बसणारा मित्र मला मान्य नाही.

आणि शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं. दारू, कर्ज आणि हाताशी विष, हे तिन्ही एका छपराखाली नकोत. 'आता काही राम उरला नाही', 'पोरांना सांभाळ' अशी भाषा ऐकू आली तर सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट कोंडी फुटते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, १४४१६ लावा किंवा सरळ रुग्णालय गाठा. डबे त्याच दिवशी उचलून दुसऱ्याच्या गोदामात कुलपात ठेवा. मी सात डबे मोटरसायकलच्या दोन खेपांत नेले.

पुन्हा प्यायला तर

पिईल. सगळेच पितात असं नाही, पण बरेच जण एकदा तरी घसरतात. जिभाऊ चार महिने कोरडा राहिला, केळीच्या कापणीचे पैसे आले त्या संध्याकाळी गेला. मी चिडलो. डॉक्टर अजिबात चिडले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "त्या दिवशी दुपारपासून काय काय झालं?" आम्ही दोघांनी बसून दिवस उलगडला: व्यापाऱ्याचा फोन, हातात रोकड, तालुक्याला एकटा, जुनी मंडळी भेटली. त्यानंतर पैसे थेट वहिनींच्या खात्यावर जाऊ लागले आणि तालुक्याला तो एकटा जात नाही.

धोक्याचे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणावून ठेवा. कापसाचा चुकारा, आखाजी, पोळा, निवडणूक, आणि लग्नाची वरात. वरातीच्या वेळी आम्ही मांडवात वाढपाला उभे राहतो, दोन्ही हात गुंतलेले. ज्या दिवशी टाळताच येत नाही तिथे 'आलो, आहेर दिला, निघालो' एवढंच.

सगळ्यात अवघड होती ती हिवाळ्यातली भरीत पार्टी. शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, हिरवी-पांढरी वांगी भाजायची, मिरच्या-लसूण घालून ठेचायची, कळण्याची भाकरी, आणि बाजूला दारूचं खोकं. खोक्याशिवाय भरीत हे आमच्या टोळक्याला कल्पनेतही बसेना. गेल्या वर्षी मी सांगितलं की वांगी माझी, तेल माझं, पण बाटली दिसली तर टोपलं उचलून घरी नेईन. नऊपैकी चार जण आले. जिभाऊने वांगी भाजायचं काम घेतलं, दोन करपवली. आठ वाजता जेवणं उरकली, नऊला आपापल्या घरी. यंदा सहा जण येणार म्हणतात.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणून एक संघटना आहे, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली, फी नाही. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, आपापलं सांगतात, नावं बाहेर जात नाहीत. घरच्यांसाठी तशीच अल-अनॉन आहे. जिभाऊला मी तालुक्याच्या मीटिंगला सोडतो, बुधवारी. आत मी जात नाही, बाहेर टपरीवर थांबतो. त्याला तास-दीड तास लागतो. पेट्रोल एका आठवड्याला तो भरतो, एका आठवड्याला मी.